नापास होण्याची तयारी

कनाटा, ओटावा
५ नोव्हेंबर २०२३

रवी,

पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. माझे आजोबा तर घरातली सगळी माणसं तापाने आडवी असली तरी तेच लिहायचे. मी लिहिणार नाही. इकडे ठीक नाही, म्हणूनच लिहिते आहे.

फोन करत नाही, कारण आपला फोन पहिल्या वाक्याला हवापाणी आणि दुसऱ्याला भांडण. ह्या टाउनहाउसच्या भिंती पापडासारख्या. वर आपल्या गौरांगीला शब्द न् शब्द ऐकू जातो. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही ही मोठी सोय आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला, त्या भाड्याच्या खोलीत तुझ्याकडे वाचायला वेळही असेल. सप्टेंबरमध्ये तू बॅग भरत होतास तेव्हा मी म्हणाले होते, तू गेलास की घर तरी शांत होईल. झालं. इतकं शांत झालंय की मला भीती वाटते.

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर गौरांगी शाळेत गेलेली नाही. तुला फोनवर सांगितलं होतं की सर्दी आहे. सर्दी नव्हती. आधी ती दप्तर घेऊन बसस्टॉपपर्यंत जायची आणि परत यायची. मग दारापर्यंत. आता उठतच नाही. दुपारी मी जेवण वर नेते, संध्याकाळी ताट बहुतेक तसंच खाली आणते. परवा म्हणाली, "आई, केस धुवून देशील? माझे हात दुखतात." पंधरा वर्षांची मुलगी. मी बाथटबच्या काठावर बसून तिचे केस धुतले. तेवढ्यासाठी तिने मला जवळ येऊ दिलं, हेच मला पुष्कळ वाटलं.

तू म्हणशील, जूनमध्ये त्या बाई म्हणाल्या होत्या ना, मुलगी उत्तम आहे. रवी, तो दिवस तुझ्या लक्षात वेगळा राहिलाय आणि माझ्या वेगळा. म्हणून माझ्या लक्षातला लिहिते.

मे महिन्यात गौरांगीने शाळेतल्या समुपदेशक बाईंना सांगितलं की मला सकाळी उठायचंच नसतं, कधीच उठलं नाही तर बरं. शाळेने आपल्याला बोलावलं आणि मुलांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या त्या केंद्रात नाव घातलं. सरकार चालवतं, पैसे लागत नाहीत, फक्त आधी एक भेट होते आणि त्यावरून ते ठरवतात की कोणाला लगेच बघायचं आणि कोण थांबू शकतं. शाळेने हे नीट समजावून सांगितलं होतं. आपण ऐकलं ते एवढंच: सरकारी ऑफिस, अपॉइंटमेंट, प्रश्नोत्तरं.

झालं! तू फाईल काढलीस. रिपोर्ट कार्ड, पोहण्याची सर्टिफिकेटं, गणिताच्या स्पर्धेचं पत्र, कथकचे फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. तिला पांढरा शर्ट घालायला लावलास. आणि मी? मी मागच्या सीटवर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, त्या बाईंना द्यायला. गाडीत तू तिची तयारी घेतलीस, तुझ्या त्या इंटरव्ह्यूच्या आवाजात.

"डू यू स्लीप वेल?"

"येस."

"करेक्ट. नेक्स्ट. डू यू हॅव फ्रेंड्स?"

"येस, मेनी."

"मेनी नको. अ फ्यू म्हण. खरं वाटतं. नेक्स्ट. हाऊ इज एव्हरीथिंग ॲट होम?"

"व्हेरी गुड."

"करेक्ट. एनी क्वेश्चन्स फॉर मी?"

"नो, सर," ती म्हणाली, आणि तू हसलास. मलाही हसू आलं. खरं सांगते, आलं.

आत कॅथरिन नावाच्या त्या बाई होत्या, मऊ बोलणाऱ्या. गौरांगीने सगळी उत्तरं घोकल्यासारखी दिली. त्यांनी फाईल चाळली, चिवडा घेतला, आणि म्हणाल्या, किती छान कुटुंब आहे तुमचं. मग तिचं नाव थांबू शकणाऱ्यांत गेलं. जाणारच. परत येताना तू आइस्क्रीम घेऊन दिलंस, पास झाल्याबद्दल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपण ती झाकलेली मूठ घेऊन डॉक्टरकडे गेलो आणि ती उघडून हात दाखवलाच नाही.

ह्या पत्राला उत्तर दे. भांडायला हरकत नाही, पण उत्तर दे.

छाया


१९ नोव्हेंबर २०२३

रवी,

तुझा मेसेज मिळाला. 'पत्र वाचलं. सॉफ्टवेअर रिलीजची गडबड आहे. तिला योगाला टाक, मोबाईल कमी कर.' अरे बाप्पा! नागपूरची माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत असं तुझी आईच सांगायची. तिच्या मुलाने एवढंच लिहावं?

बरं, योगा राहू दे. मी काय केलं ते सांगते. त्या केंद्रात मीच फोन लावला. बँकेत दिवसभर अनोळखी माणसांशी बोलणारी बाई मी, पण वाक्य जुळवत बसले. पलीकडून एका मुलीने विचारलं, "अँड हाऊ इज युअर डॉटर डूइंग टुडे?" आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं असेल? "शी इज गुड, थँक यू."

ती मुलगी म्हणाली, बरं, मग मी तुमच्यासाठी काय करू?

मला रडू फुटलं. मी म्हणाले, सॉरी, शी इज नॉट गुड. आम्ही सगळ्यांना असंच सांगतो. जूनमध्ये तुमच्याकडे आलो होतो तेव्हाही असंच सांगितलं, ते सगळं पाठ केलेलं होतं. ती उठत नाही, जेवत नाही, केस धुवायला तिचे हात उचलत नाहीत. ती काय म्हणाली होती मे महिन्यात तेही सांगितलं. ते वाक्य इंग्रजीत मोठ्याने उच्चारताना मला पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला असं वाटलं. त्या मुलीने मध्ये एकदाही घाई केली नाही. आज ती सुरक्षित आहे का, घरी कोण आहे, सगळं विचारलं. रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर दिला, घरातली औषधं कुलपात ठेवायला सांगितली. तुझ्या टूलबॉक्सचं कुलूप आता माझ्या कपाटाला आहे. कॅथरिनकडे पुन्हा पहिल्यापासून भेट ठरली आहे, चौदा डिसेंबरला.

मला वाटलं सुटले. वर जाऊन गौरांगीला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "सो व्हॉट डू आय से धिस टाइम?"

मी म्हणाले, जे खरं आहे ते.

"आय कान्ट."

का, म्हणून विचारलं. मग जे ऐकलं ते तुला माहीत असलं पाहिजे. जूनमध्ये आपण पोचल्यावर मी डबा घेऊन पुढे गेले आणि तू तिला गाडीजवळ थांबवलंस. तू तिला सांगितलंस की आपला सिटिझनशिपचा अर्ज आत आहे. ती काही उलटसुलट बोलली तर ते कॉम्प्युटरमध्ये जातं, आणि एकाच्या कागदावर डाग पडला की तिघांचा अर्ज परत येतो. जून गेला, उन्हाळा गेला, अर्ज अजून आतच आहे. आणि ही पोर अजून तोंड मिटून पडली आहे, आपल्या सगळ्यांना ह्या देशात ठेवण्यासाठी.

मी तिला सांगितलं, असं काही नसतं गं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यू डोन्ट नो, आई. बाबा डझ ऑल द इमिग्रेशन स्टफ."

खरंच आहे. ह्या घरात तो कागद तूच सांभाळलास. मी फक्त सही केली. आता तूच तिला सांगायला हवंस. माझा शब्द तिथे चालत नाही रवी, तुझाच चालतो. तिला फोन कर. योगाबद्दल नको, ह्याबद्दल.

छाया


२ डिसेंबर २०२३

रवी,

दोन आठवडे होत आले. तू तिला फोन केला नाहीस.

कॅथरिनने फोनवर गौरांगीला स्वतः सांगितलं की इथलं बोलणं इमिग्रेशनच्या ऑफिसात जात नाही, तुझ्या संमतीशिवाय आई-बापालाही सगळं सांगितलं जात नाही. फक्त जिवाला धोका असेल तरच. गौरांगीने "ओके" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "शी हॅज टू से दॅट." तुझीच मुलगी. समोरचा गोड बोलला की सापळा शोधायचा.

तुझा राग येतो. पण मला मुंबईच्या व्हिसा ऑफिसातला तूही आठवतोस. तुझा व्हिसा दोनदा नाकारला होता. तिसऱ्या वेळी तू आरशासमोर उभा राहून उत्तरं म्हणायचास, 'येस सर' म्हणताना किती हसायचं तेसुद्धा ठरवायचास. आत जाण्याआधी पाणीही प्यायला नव्हतास, आत घाम दिसू नये म्हणून. तेव्हा तू मला म्हणाला होतास, सरकारी माणूस प्रश्न विचारतो तो नाही म्हणायला कारण सापडावं म्हणून. तुझं चुकलं नव्हतं. त्या खिडकीपुढे ते खरंच होतं. दुधाने तोंड पोळलं म्हणून तू ताक फुंकून पितोस हे मला समजतं. पण ती पोर तहानेने मरायला टेकली आहे आणि तू अजून फुंकतोच आहेस.

ही खिडकी वेगळी आहे रे. इथे कारण शोधतात ते हो म्हणायला. इथे नापास झालं तरच आत घेतात.

माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. सप्टेंबरमध्ये मी बोलले ते माझ्यापाशी राहू दे, त्याचं काय करायचं ते आपण नंतर बघू. चौदा तारखेला सकाळी साडेनऊला आम्ही तिथे असू. म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे साडेसहा. तू तिकीट काढून येशील अशी माझी अपेक्षा नाही. फोन मात्र उचलता येतो.

ती जिवंत राहायला हवी. बाकी सगळं, आपला अर्ज, आपलं नातं, चार लोक काय म्हणतील ते, सगळं त्याच्यानंतर.

छाया


१६ डिसेंबर २०२३

रवी,

परवा जे झालं ते तू ऐकलंस, पण पाहिलं नाहीस. म्हणून पुन्हा लिहिते.

सकाळी बर्फ भरपूर पडला होता. मी ड्राइव्हवे शोव्हल करून गाडी काढली. तिने जुना राखाडी हूडी घातला होता, केस विंचरलेले नव्हते, आणि मी काही बोलले नाही. तुला कल्पना नसेल की त्याला मला किती ताकद लागली. फाईल नाही, डबा नाही. कोणाकडे पहिल्यांदा रिकाम्या हातांनी जाताना कसंनुसंच वाटत होतं.

पार्किंगमध्ये पोचलो आणि ती उतरेना. बेल्टसुद्धा काढेना. मी समजावून पाहिलं. आत वेळ होत होती. काचा आतून धुरकटल्या. ती एकच वाक्य म्हणाली, "आय विल मेस इट अप फॉर एव्हरीवन." आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. 'बाबा.' तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तुला शिकवून ठेवलं आहे. मी नाही म्हणून मान हलवली. मला खरंच माहीत नव्हतं. तिने स्पीकर लावला.

मला वाटलं होतं तू समजावशील, सॉरी म्हणशील, किंवा सवयीप्रमाणे भाषण देशील. तू तो आवाज काढलास. इंटरव्ह्यूचा. मी फोन हिसकावून घेणार होते.

"गुड मॉर्निंग. लेट अस बिगिन. डू यू स्लीप वेल?"

ती हसली नाही, रडली नाही. डॅशबोर्डकडे बघत होती. तशीच म्हणाली, "नो."

"करेक्ट," तू म्हणालास. "नेक्स्ट."

रवी, त्या एका शब्दाने तिचे खांदे कसे उतरले ते तुला दाखवता आलं असतं तर! जणू कोणीतरी तिच्या पाठीवरचं दप्तर मागून उचलून घेतलं.

"डू यू हॅव फ्रेंड्स?"

"नॉट एनीमोर."

"करेक्ट. हाऊ इज एव्हरीथिंग ॲट होम?"

इथे तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे खाली घेतले, तिला सोपं जावं म्हणून. "नॉट गुड. यू गाइज फाइट. मग तू गेलास. इट्स बिकॉज ऑफ मी."

तू म्हणालास, "पहिलं वाक्य करेक्ट. दुसरं करेक्ट. शेवटचं चूक. शंभर टक्के चूक. ते कापून टाक, बेटा." आणि मग तो आवाज सुटला तुझा, नागपूरचा झाला. "आणि अर्जाचं मी तुला जे सांगितलं ना, ते मला वाटत होतं म्हणून सांगितलं. ते तसं नाही. मी विचारून घेतलं. काही होत नाही त्या अर्जाला. आणि झालं तर झालं. आज तू नापास हो. मस्तपैकी नापास हो. समजलं?"

तिने मान हलवली. फोनला मान दिसत नाही हे तिच्या लक्षात नव्हतं.

मग तू पुन्हा तो आवाज लावायचा प्रयत्न केलास, पण तो नीट लागला नाही. "एनी क्वेश्चन्स फॉर मी?"

जूनमध्ये ती 'नो, सर' म्हणाली होती. ह्या वेळी तिने फोन दोन्ही हातांत धरला. "आर यू ओके, बाबा?"

आता तुझी पाळी होती. मला तुझी सवय माहीत आहे. 'एकदम फर्स्ट क्लास' तुझ्या ओठावर आलं असणार. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण तेव्हा घेतलं.

"नाही गं," तू म्हणालास. "मी काही बरा नाही. अजिबात नाही."

"करेक्ट," ती म्हणाली.

आणि बेल्ट काढला.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं ऐक. दारापाशी ती मला म्हणाली, "आई, यू कॅन वेट आउटसाइड." मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. शेजारी आणखी एक आई बसली होती, कोणत्या देशाची कोण जाणे. तिच्या मांडीवर जाडजूड फाईल होती, रंगीत टॅब लावलेली. मी तिच्याकडे पाहून हसले. शेवटी एवढंच म्हणाले, दे आर नाइस हिअर, यू कॅन टेल देम. तिला कळलं की नाही माहीत नाही.

बऱ्याच वेळाने कॅथरिनने मला आत बोलावलं. गौरांगीचा चेहरा रडून सुजला होता आणि ती टिश्यूच्या डब्याशी खेळत होती. ती काय बोलली ते सगळं मी तुला सांगणार नाही. थोडं मला सांगितलंय, ते तिचं आहे; सांगायचं तर ती सांगेल. तुला एवढं कळायला हवं: तिने मनात एक दिवस ठरवला होता, ख्रिसमसच्या सुट्टीतला. आता तिने तो दुसऱ्या कोणाला सांगितला आहे. कॅथरिनने मला बसवलं आणि पाणी दिलं.

तिचं नाव थांबू शकणाऱ्यांतून काढलं आहे. मुलांच्या मानसोपचार डॉक्टरांची भेट येत्या आठवड्यात आहे, आणि कॅथरिन दर बुधवारी तिला भेटणार. सुट्टीच्या दिवसांत काय करायचं, कोणाला फोन करायचा, कोणी तिच्याजवळ बसायचं, सगळं तिघींनी मिळून ठरवलं. मी सुट्टी टाकली आहे. बरी झाली असं म्हणत नाही. काल दुपारी मात्र ती खाली आली आणि वरणभात खाल्ला, अर्धी वाटी.

कॅथरिनने विचारलं, बाबांना स्क्रीनवर घ्यायचं का. गौरांगीने विचार केला आणि म्हणाली, "येस. बट ही ॲन्सर्स फर्स्ट." कॅथरिन हसली, आणि तसंच ठरलं. तेव्हा बुधवारी सकाळी साडेसहाला लॅपटॉप उघड. पहिला प्रश्न तुलाच आहे: कसे आहात?

तयारी करून येऊ नकोस.

छाया